सर्दीची गोळी : एका छोट्या मजकुराचे वाचन

मराठीतला षष्ठीचा प्रत्यय किती लवचीक आहे हे औषधाच्या दुकानात उभे राहिले की कळते. ‘तापाची गोळी’ ताप घालवते आणि ‘झोपेची गोळी’ झोप आणते. प्रत्यय एकच, काम उलटसुलट. तरी घेणाऱ्याचा वा देणाऱ्याचा गोंधळ होत नाही. ‘सर्दीची गोळी’ मात्र या दोन्ही खणांत बसत नाही. ती सर्दी आणत नाही हे उघडच आहे, पण घालवतही नाही. विषाणूंमुळे झालेले पडसे आठवडा-दहा दिवसांत आपल्या मुदतीने जाते. तोवर वाहते नाक, ठणकते अंग आणि कणकण यांना थोडे दाबून ठेवणे एवढेच या गोळीचे काम. त्यातच तिच्यातल्या एका घटकाने डोळ्यांवर झापड येते, म्हणजे नकळत ती झोपेचीही गोळी होते.

वाङ्मयीन अंकात या गोळीविषयी लिहिण्याचे कारण तिच्या नावात आहे. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी सर्दीची गोळी ही बहुधा तीन-चार औषधांची मोट असते. त्या मोटेला एक नाव मिळाले की आतली नावे दिसेनाशी होतात आणि आतली नावे दिसेनाशी झाली की घेणाऱ्याच्या हातून निवड जाते. कोणते औषध आपल्याला हवे, कोणते नको, कोणते आधीच पोटात गेले आहे, हे विचारायला त्याच्याजवळ शब्दच उरत नाही. पाकिटावरचा मजकूर, काउंटरवरचे बोलणे, जाहिरात आणि सरकारी राजपत्र हे चार मजकूर एकमेकांशेजारी ठेवून वाचले तर ही निवड कुठे हरवते ते दिसते. तसे वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

सुंठ आणि तिचे नाव

‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण आपण एखादी ब्याद परस्पर टळली की वापरतो. तिचा शब्दार्थ बाजूलाच राहतो. पण तो शब्दार्थ वैद्यकीयदृष्ट्या फार शहाणा आहे. खोकला औषधावाचूनही जातो हे म्हणीला ठाऊक आहे, आणि ज्या औषधावाचून तो गेला त्याचे नावही ठाऊक आहे.

आपल्या घरगुती उपचारांत मिश्रणे नव्हती असे नाही. काढा हे मिश्रणच. गवती चहा, आले, तुळस, मिरी, ज्येष्ठमध. कुणाला ज्येष्ठमध सोसत नाही, तर तेवढे वगळून बाकीचे उकळायचे. वैद्यांच्या औषधांची नावेही अशीच बोलकी. ‘त्रिकटू’ म्हटले की तीन तिखट पदार्थ आहेत हे नावानेच सांगितले: सुंठ, मिरी, पिंपळी. ‘सितोपलादी’ म्हणजे सितोपला, अर्थात खडीसाखर, जिच्या आरंभी आहे ते चूर्ण. पुढचे चार घटक आणि त्यांचे १६, ८, ४, २, १ असे उतरते प्रमाण शिकणाऱ्याच्या तोंडी असे. ही औषधे कितपत लागू पडतात हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चाचण्यांनीच द्यायला हवे. इथे मुद्दा नावाचा आहे. ते नाव आतल्या वस्तूकडे बोट दाखवते.

आजच्या सर्दीच्या गोळ्यांची व्यापारी नावे पाहा. कुठे थंडीसाठीचा इंग्रजी शब्द, कुठे जोर किंवा हालचाल सुचवणारा शब्द, मागे ‘प्लस’, ‘टोटल’, ‘एक्स्ट्रा’ यांसारखे शेपूट. ‘प्लस’ म्हणजे कशात काय मिळवले, हे नाव सांगत नाही. काहीतरी जास्त मिळते आहे एवढा भाव मात्र पोचतो. जाहिरातीत पावसात भिजलेला नोकरदार, परीक्षेच्या तोंडावर शिंकणारा मुलगा आणि हातात गोळी घेऊन आलेली आई असते. तिची मराठी बहुतेकदा हिंदीवरून उतरवलेली असते, आणि तिचा लाडका शब्द ‘आराम’. तो कायद्याच्या दृष्टीने सोयीचा आहे, कारण त्यात ‘बरे करू’ असा दावा नाही. ऐकणारा मात्र तो ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ यांच्या मधल्या धूसर जागेत ऐकतो.

पाकिटाच्या मागच्या बाजूला

पाकीट उलटे केले की बारीक इंग्रजी अक्षरांत खरी नावे सापडतात. नेहमीच्या रचनेत पहिले नाव पॅरासिटामॉल. ते ताप उतरवते, अंगदुखी-डोकेदुखी कमी करते, आणि योग्य मात्रेत भरवशाचे आहे. दुसरे क्लोरफेनिरामिन. हे जुन्या पिढीतले हिस्टामिनविरोधी औषध नाक कोरडे करते आणि पेंगही आणते. तिसरे फेनिलेफ्रिन. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून चोंदलेले नाक मोकळे करणे हे त्याचे नेमून दिलेले काम. चौथे अनेकदा कॅफिन, म्हणजे आपल्या चहा-कॉफीतलेच द्रव्य. ते वेदनाशामकाला थोडा हातभार लावते. खोकल्याच्या सिरपांत आणखी गर्दी असते. काहींत खोकल्याची उबळ दाबणारे आणि कफ सुटा करून बाहेर काढायला लावणारे अशी दोन्ही औषधे एकाच चमच्यात असतात. कफ बाहेर यायला खोकला लागतो, आणि तोच दुसऱ्या घटकाने दाबलेला असतो.

तिसऱ्या नावाची कथा विशेष आहे. तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा मोठा भाग आतड्यातच निकामी होतो आणि नाकापर्यंत पुरेसा पोचत नाही, अशी शंका जुनी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध शून्य अशा मतांनी सांगितले, की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतलेले फेनिलेफ्रिन नाक मोकळे करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. नाकात टाकायच्या थेंबांना हा निष्कर्ष लागू नाही. पण गोळीतले ते नाव कोट्यवधी लोकांनी कित्येक वर्षे गिळले, आणि आपण काय गिळतो हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत होते.

मग या गोळीने बरे वाटते ते निव्वळ मनाचे खेळ का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात अशा मिश्रणांच्या २७ चाचण्या आणि पाच हजारांवर रुग्ण तपासले गेले. प्रौढांना आणि मोठ्या मुलांना काही प्रमाणात फायदा होतो, पण तो दुष्परिणामांशी तोलून पाहावा, आणि लहान मुलांत उपयोगाचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. संयुक्त औषध ही कल्पनाही मुळात वाईट नाही. क्षयरोगाच्या गोळ्या अशाच एकत्र बांधलेल्या असतात, आणि त्यामुळे रुग्ण एखादे औषध चुकवत नाही. तिथे सगळ्या रुग्णांना सगळे घटक लागतात. सर्दीत एकाला ताप असतो, दुसऱ्याला नुसत्या शिंका, तिसऱ्याचा फक्त घसा खवखवतो. तिघांना चारही औषधे द्यायचे कारण व्यापारी आहे.

लोणी काळभोर

हा मजकूर वाचला जातो ती एक जागा उदाहरणासाठी घेऊ. पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकले की हवेली तालुक्यातले लोणी काळभोर लागते. उसाचे मळे, थेऊरच्या चिंतामणीला जाणारे भाविक, मुळा-मुठेच्या काठावर वसलेले विद्यापीठ आणि त्याच्या वसतिगृहांतली मुले, आणि तेल कंपन्यांच्या आगारांपुढे लागलेल्या टँकरांच्या रांगा. दिवाळी सरते, पहाटे गारठा पडू लागतो, उसाच्या फडांवर तोड सुरू होते, आणि मेडिकलच्या काउंटरवर ‘एक सर्दीची द्या’ हे वाक्य वाढते.

हे वाक्य म्हणणाऱ्यांपैकी एक टँकरचा ड्रायव्हर आहे असे समजा. त्याला मिळालेल्या गोळीत क्लोरफेनिरामिन आहे. ही गोळी घेऊन वाहन चालवू नये ही सूचना छापली असलीच तर इंग्रजीत आहे, आणि पाकिटातून चार गोळ्या कापून दिल्या तर ती सूचना उरलेल्या तुकड्यावर राहते. दुसरी व्यक्ती रक्तदाबाची गोळी घेणारी आजी. फेनिलेफ्रिन नाकात पोचो न पोचो, रक्तवाहिन्या आकसणारे औषध रक्तदाब असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये असे सांगतात. तिसरे प्रोस्टेट वाढलेले आजोबा; क्लोरफेनिरामिनने त्यांची लघवी अडू शकते. चौथा वसतिगृहातला विद्यार्थी. त्याच्या सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे हे त्याला माहीत नाही. ताप आहे म्हणून तो खोलीतली साडेसहाशेची गोळीही घेतो. एका वेळी ११५० मिलिग्रॅम झाले; दिवसातून चार वेळा घेतले तर ४६००. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० धरतात, आणि यकृताचा आजार असणाऱ्यांसाठी किंवा नियमित दारू पिणाऱ्यांसाठी त्याहून कमी. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या, म्हणजे दोन वेगळी औषधे घेतली, असेच तो समजतो.

ही माणसे कल्पित आहेत, पण काउंटरवरच्या रांगेत ती कुणालाही ओळखता येतील. चौघांनी वाक्य एकच उच्चारले आणि चौघांना वस्तूही एकच मिळाली. धोका मात्र प्रत्येकाचा निराळा आहे. तो ओळखायला लागणारी माहिती पाकिटावर आहे, पण त्यांच्या भाषेत नाही.

याच पुण्याने ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने झालेला देशातला पहिला मृत्यू पाहिला. त्या आठवड्यांत प्रत्येक शिंकेकडे लोक वळून पाहू लागले. साधे पडसे आणि इन्फ्लुएंझा यांची सुरुवात सारखी दिसते, आणि इन्फ्लुएंझावरचे विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत दिले तर अधिक उपयोगी पडते. ताप दबला की माणूस कामावर जातो, बसमध्ये चढतो, आणि ‘गोळीने उतार पडला’ म्हणून डॉक्टरकडे जायचे लांबवतो. विषाणू आपले काम करतच असतो.

लोणीहून त्याच रस्त्याने आणखी पूर्वेला उरुळी कांचन आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे राहिले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. पुण्याच्या दुसऱ्या अंगाला, पिंपरीला, १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. एकीकडे औषधच नको म्हणणारा विचार, दुसरीकडे हुकमी औषध देशातच बनवण्याचा निर्धार. दोघांचे वैर सहज दाखवता येईल. पण गावातल्या माणसाला आपल्या शरीरावरच्या उपचाराची जाण हवी हा पहिल्याचा आग्रह, आणि नेमक्या रोगाला नेमके औषध हा दुसऱ्याचा, हे दोन्ही सर्दीच्या संयुक्त गोळीत गैरहजर आहेत.

राजपत्राची भाषा

अशा मिश्रणांविरुद्ध सरकारने काहीच केले नाही असे नाही. १० मार्च २०१६ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. राज्यांच्या परवान्यांवर, केंद्राच्या मंजुरीवाचून बाजारात आलेली अशी सहा हजारांवर मिश्रणे होती. ती तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे होते. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव वनौषधींवरच्या पाठ्यपुस्तकामुळे ओळखीचे आहे. बंदी येताच ‘विक्स ॲक्शन ५०० एक्स्ट्रा’ची विक्री तिच्या उत्पादकाने थांबवल्याची बातमी झाली, आणि एरवी या विषयाकडे न पाहणारी घरेही चमकली. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे पाठवले. मंडळाच्या उपसमितीच्या अध्यक्षपदी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. नीलिमा क्षीरसागर होत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. पुढे जून २०२३ मध्ये १४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. या शेवटच्या यादीत पॅरासिटामॉल, सेटिरिझिन आणि फेनिलेफ्रिन यांचे सर्दीवरचे मिश्रणही आहे.

ही राजपत्रे मजकूर म्हणून वाचण्यासारखी आहेत. त्यांत केवळ रासायनिक नावे असतात, व्यापारी नाव एकही नसते. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण बंदी रचनेवर असते. पण काउंटरवर चालते ते फक्त व्यापारी नाव. यादी वाचणाऱ्याला गोळी ओळखता येत नाही, आणि गोळी घेणाऱ्याला यादी वाचता येत नाही. शिवाय व्यापारी नाव तसेच ठेवून आतला घटक बदलता येतो. फेनिलप्रोपॅनोलामिन हे पूर्वी सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असे. मेंदूतल्या रक्तस्रावाशी त्याचा संबंध दिसल्याने अमेरिकेने २००० साली ते बाजारातून काढायला लावले. आपल्याकडे बंदीची अधिसूचना १० फेब्रुवारी २०११ ची. आणि ऑगस्ट २०२४ च्या यादीत तेच नाव पॅरासिटामॉल व क्लोरफेनिरामिन यांच्या सोबतीने पुन्हा भेटते.

नाव ठळक करण्याचा प्रयत्नही झाला. मार्च २०१८ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती होऊन औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा किमान दोन आकार मोठ्या अक्षरांत छापावे असे ठरले. मात्र तीन किंवा अधिक औषधांची मिश्रणे या नियमातून वगळली. छोट्या पाकिटावर इतकी नावे मावणार नाहीत, ही अडचण समजण्यासारखी आहे. पण परिणाम असा, की जिथे एकच औषध आहे तिथे ते मोठ्या अक्षरांत दिसते, आणि जिथे चार आहेत तिथे ती बारीक अक्षरांत राहतात. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडांवर क्यूआर कोड आला. त्यातून मूळ नाव, उत्पादक, बॅच आणि तारखा कळतात. कोणता घटक कशासाठी आणि कोणी घेऊ नये, हे त्या माहितीच्या सक्तीत नाही. आपल्या कायद्यात ‘ओव्हर द काउंटर’ असा स्वतंत्र वर्गच नसल्याने अशा औषधांबरोबर ग्राहकाला काय सांगावे, याची चौकटही नाही.

पुण्यातले डॉ. अनंत फडके आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक दशके अशास्त्रीय मिश्रणांबद्दल बोलत आले आहेत. सातारा जिल्ह्यातला औषधांचा पुरवठा आणि वापर त्यांनी अभ्यासला, आणि त्यावरचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये आले. बंदीच्या याद्यांपेक्षा ही परंपरा मला मोलाची वाटते, कारण तिने रुग्णाला वाचक मानले.

छिंदवाड्याहून नागपूरला

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना सर्दी-खोकल्यासाठी ‘कोल्ड्रिफ’ हे सिरप दिले होते. तमिळनाडूतल्या तपासणीत त्याच्या संशयित बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा ०.१ टक्के आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या बॅचबद्दल इशारा दिला. मुंबईला हे विष अनोळखी नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला.

इथे समीक्षकाने सावध राहायला हवे. छिंदवाड्याची मुले मिश्रणातल्या औषधांनी गेली नाहीत, ती विषारी द्रावकाने गेली. संयुक्त औषधांविरुद्धचा पुरावा म्हणून ही घटना वापरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण तिची दुसरी बाजूही आहे. त्या सिरपात पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन होते. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. मेलेल्या मुलांत पाचाखालची पुष्कळ होती. म्हणजे ज्या वयात या मिश्रणाचा उपयोग सिद्ध नाही, त्या वयाच्या मुलांपर्यंत ते पोचलेच नसते, तर विषही त्या वाटेने पोचले नसते. आदेश निघाला होता. आईच्या हातातल्या बाटलीपर्यंत तो तिच्या भाषेत गेला नाही.

काय छापता येईल

जागेची आणि भाषेची अडचण खरी आहे, पण ती न सुटणारी नाही, याचा दाखला लोणी काळभोरच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातच आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारी रंगीत खूण असते, आणि माहिती हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही द्यावी असा नियम आहे. उसावर काय फवारायचे ते शेतकऱ्याला मराठीत सांगितले जाते, आणि स्वतः काय गिळायचे ते इंग्रजीत.

पाकिटाच्या प्रत्येक गोळीमागे चार ओळी मावणार नाहीत हे मान्य. दोन खुणा मावतील: एक ‘यात पॅरासिटामॉल आहे’ हे सांगणारी, दुसरी ‘झोप येते, वाहन चालवू नका’ हे सांगणारी. बाकीचे खोक्यातल्या कागदावर आणि काउंटरवर लावलेल्या तक्त्यावर, सोप्या मराठीत: ताप-अंगदुखीसाठी हे, वाहत्या नाकासाठी हे, रक्तदाब असेल तर विचारा, चार वर्षांखालच्या मुलाला नको. याला नवे संशोधन लागत नाही.

तोवर ग्राहकाला स्वतःचे वाक्य बदलता येईल. ‘सर्दीची गोळी द्या’ऐवजी ‘अंग दुखतंय आणि थोडा ताप आहे, नुसती पॅरासिटामॉल द्या’. किंवा ‘नाक फार वाहतंय, पण मला गाडी चालवायची आहे’. आणि मिश्रणच हाती आले तर ‘यात काय काय आहे, जरा वाचून दाखवा’. काउंटरपलीकडे शिकलेला फार्मासिस्ट असावा असे कायदा म्हणतो. त्याला हे सांगणे अवघड नाही. आणि पुष्कळदा गरम पाणी, वाफारा आणि दोन दिवसांची विश्रांती एवढ्यावर भागेल. खोकला सुंठीवाचून जातो, तसा चार औषधांच्या गोळीवाचूनही जातो.